निवृत्त खाण कामगारांची छाती कोण तपासणार?

महोदय,

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी १९७९ साली लोडर म्हणून लागलो आणि २०१७ साली सरदार, म्हणजे पाळीतल्या माणसांच्या सुरक्षेवर नजर ठेवणारा, म्हणून निवृत्त झालो. मागच्या महिन्यात माझ्या पाळीतला एक जोडीदार गेला. डॉक्टरांच्या कागदावर क्षय लिहिला आहे. त्याच्या घरून परतल्यापासून हे पत्र डोक्यात घोळत होते.

सरदाराचे पहिले काम छत बघणे. कामगार फेसवर, म्हणजे कोळसा काढायच्या तोंडाशी जायच्या आधी मी काठीने छत ठोकत पुढे जायचो. पक्का दगड टणटण वाजतो, सुटलेला थर भदभद वाजतो. तसा आवाज आला की खाली कोणाला उभे राहू द्यायचे नाही. आधी सपोर्ट, मग काम. माझ्या सरदारकीत छत पडून माणूस दगावला नाही, याचे मला समाधान आहे.

धूळ मात्र ठोकून कळत नाही. माझा जोडीदार रूफ बोल्टिंगवर, म्हणजे छतात बोल्ट ठोकून थर पक्के धरायच्या कामावर होता. आमच्या खाणीत कोळशावर वालुकाश्माचे छत. त्यात बोल्टसाठी भोक पाडताना मान वर करून ड्रिल चालवायचे आणि दगडाचा भुगा सरळ तोंडावर घ्यायचा. ड्रिलला पाणी जोडले की भुग्याचा चिखल होऊन खाली पडतो. पण फेस पुढे सरकायचा आणि पाण्याची लाइन मागे राहायची. मग कोरडेच ड्रिल चाले. तोंडाला दुपट्टा, पाळी सुटल्यावर गुळाचा खडा. गुळाने धूळ उतरते असे आम्ही सगळेच मानायचो. काळी थुंकी पडली की घाण निघाली असे वाटायचे. थुंकीत दिसते ती धूळ निघून जाते, डोळ्यांना न दिसणारी फुप्फुसात खोल बसते, हे मला फार उशिरा सेफ्टीच्या वर्गात कळले. त्यानंतरही पाणी नाही म्हणून मी ड्रिल थांबवले ते फक्त दोनदा. पाळीत किती कोळसा निघाला तो आकडा वर द्यायचा असे. हे मी आज लपवणार नाही.

नोकरीत दर पाच वर्षांनी मेडिकल व्हायचे, छातीचा फोटो निघायचा. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ मिळाला आणि फोटो बंद झाला. आजारी पडल्यावर उपचाराची योजना आहे, ते मी नाकारत नाही. पण धुळीने फुप्फुसाला जडणारा आजार धुळीतले काम सुटल्यावरही वाढत राहतो. दम लागला की माणूस म्हणतो वय झाले. मग जवळच्या दवाखान्यात जातो, फोटोत डाग दिसतात, क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. माझ्या जोडीदाराने दोनदा कोर्स पूर्ण केला. कुठे काम करत होता, हे एकाही डॉक्टरने विचारले नाही, असे त्याची बायको सांगते. क्षय नव्हताच असे मी म्हणत नाही. दगडाच्या धुळीने खराब झालेल्या फुप्फुसाला क्षय लवकर धरतो. पण मूळ दुखणे कागदावर आलेच नाही, आणि कागदावर नाही म्हणजे भरपाईसाठी दाद मागायलाही जागा नाही.

धुळीने होणारा न्यूमोकोनिओसिस हा फुप्फुसाचा आजार खाण कामगारांचा अधिसूचित रोग आहे, म्हणजे आढळला की सरकारला कळवावा लागणारा. १९५२ च्या खाण कायद्याने तर खाणीत पूर्वी काम केलेल्या माणसातही असा रोग आढळला की तो कळवायची जबाबदारी डॉक्टरवर टाकली होती. छत पडून माणूस दगावला तर चौकशी बसते, सरदाराचा जबाब घेतात. या मरणाबद्दल मला कोणी काहीच विचारले नाही.

निवृत्तांना दर दोन-तीन वर्षांनी बोलावून छातीचा फोटो काढावा, श्वासाची तपासणी करावी आणि नोकरीतला जुना फोटो शेजारी ठेवून पाहावा. ठेकेदाराकडे राबलेल्यांनाही बोलवावे. त्यांच्याजवळ तर जुना कागदही नसतो. चंद्रपूर, वणी, उमरेड, सावनेर भागातल्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, केसपेपरवर एक ओळ वाढवा: पूर्वी काय काम करत होता?

माझ्या पाळीत बोल्टिंगवर आणखी चौघे होते. त्यांतल्या दोघांचा पत्ता लागला आहे. सोमवारी त्यांना घेऊन मी चंद्रपूरच्या सरकारी रुग्णालयात जात आहे.

एक निवृत्त खाण सरदार,
जि. चंद्रपूर