पशुसखी ताईंना, उस्मानाबादी शेळ्या राखणाऱ्या घरांकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या तुळजापूर तालुक्यात शेळी विकत कमी आणि वारशानं जास्त येते. लेकीला सासरी पाठवताना पाट, म्हणजे न व्यायलेली तरुण शेळी, द्यायची, तिचं पहिलं वेत झालं की एक पाट शेजारणीला अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं सांभाळायला, द्यायची, आजीनं नातसुनेला 'ही जुळं देणारी, ही दुधाला बरी' असं दावणीवर सांगायचं, हा रिवाज फार जुना. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळी उस्मानाबादीच राहिली. काळीभोर, उंच पायांची, बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर दूध देणारी आणि चैत्राच्या उन्हातही दिवसभर चालणारी. काटकपणात तिला तोड नाही. पण काटक आहे म्हणून ती आपली आपण जगेल, या समजुतीपायीच गावोगाव करडं दगावतात. गावातल्या जनावरांची काळजी शिकवणाऱ्या पशुसखी म्हणून तुम्ही वाडीवाडीत फिरून ही समजूत मोडलीत, त्याचे हे जाहीर आभार. डॉक्टरांनी वाचवलेलं जनावर गावाला दिसतं. तुमच्या कामामुळे जे आजारीच पडलं नाही, ते कुणाच्या नजरेत येत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

पहिले आभार करडाच्या पहिल्या तासाचे. करडू पडलं की नाकातोंडातला चिकटा काढायचा आणि शेळीला ते चाटू द्यायचं. मग पोटापासून दोन इंचांवर उकळलेल्या दोऱ्यानं नाळ बांधायची, त्याखाली नव्या ब्लेडनं कापायची आणि उरलेला तुकडा टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायचा. कापसानं नुसता पुसून भागत नाही, तो बुडलाच पाहिजे, हे तुम्ही प्रत्येक घरी सांगता. नाळेतून जंतू शिरला की पंधरा-वीस दिवसांनी करडाचे गुडघे सुजतात. तेव्हा सगळे लचक समजून तेल चोळत बसतात आणि दुखणं आत वाढत जातं.

चिकाबद्दल, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाबद्दल, तर तुम्ही फारच कडक. जार (वार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, असं अजून पुष्कळ घरांत चालतं. करडाच्या आतड्यातून चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं रक्तात जातात ती पहिल्या काही तासांतच. नंतर ती वाट बंद होत जाते आणि चीक फक्त दूध म्हणून पचतो. म्हणून अर्ध्या-एक तासात पहिला घोट आणि पहिल्या दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा. दोन किलोच्या करडाला 200 मिलि, तीन-चार वेळा विभागून. जुळ्यांत अशक्त करडू मागे पडतं, दांडगं दोन्ही सड रिकामे करतं, म्हणून अशक्ताला आधी सडाला लावायचं. आणि पाजण्याआधी प्रत्येक सडाची पहिली धार बोटांनी काढून टाकायची. सडाच्या टोकाला मेणासारखी गाठ बसलेली असते, ती निघाली नाही तर करडू नुसतं चोखत राहतं आणि पोटात काहीच जात नाही. घरोघरी बसून ही एक धार तुम्ही बायकांच्या हातून काढून घेतलीत. तेवढ्यानं किती करडं तगली याचा हिशेब कुठल्याच वहीत सापडणार नाही.

आता लसीकरण. आंत्रविषार या रोगाचा स्वभाव असा की तो कळपातलं सगळ्यात टुमटुमीत करडू उचलतो. पहिल्या पावसानंतर लुसलुशीत गवत पोटभर मिळतं, आतड्यातला जंतू एकदम वाढून विष तयार करतो आणि रात्री धड असलेलं करडू पहाटे मेलेलं सापडतं. त्यावर उपचाराला वेळच मिळत नाही, उरते फक्त लस आणि तीही पावसाच्या आधी. पहिल्यांदाच टोचलेल्या करडाला दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, त्याशिवाय पहिल्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून तुम्ही मे महिन्यातच मागे लागता. गाभण शेळीला व्यायच्या महिनाभर आधी टोचलं की तिच्या चिकातून करडालाही संरक्षण मिळतं, हेही तुम्ही बायकांना पटवून दिलंत. एरवी गाभणीला सुई म्हटलं की घरातले दार लावून घेत.

पीपीआर म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, हा साथीचा रोग. तिची लस जिवंत विषाणूची, भुकटीच्या रूपात येते. द्रावणात मिसळली की बर्फात ठेवून दोन तासांत संपवायची, नाहीतर टोचलेलं सगळं पाणीच. तुमची शिस्त आम्ही पाहिली आहे. सगळ्या शेळ्या सावलीत बांधून झाल्याशिवाय शंभर डोसांची बाटली फुटत नाही. सिरिंज स्पिरिटनं धुऊ देत नाही, कारण स्पिरिटचा अंश राहिला तरी जिवंत लस मरते. ताप आलेली, शेंबूड गळणारी शेळी बाजूला काढता आणि तिला डॉक्टरांकडे पाठवता. लस टोचायला डॉक्टर येतात, पण बर्फाचा डबा उन्हात राहू नये, कुणाची शेळी सुटू नये, लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध झालेलं असावं, ही सगळी बांधणी तुमची. लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि देवीच्या लसींतही दोन-तीन आठवड्यांचं अंतर तुमच्याच वहीमुळे पाळलं जातं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो पापणी बघण्यानं. पावसाळ्यात शेळीच्या चौथ्या पोटात जो गोल जंत होतो तो रक्त पितो. त्यानं हगवण लागत नाही, शेळी चरत राहते, म्हणून महिनाभर कुणाला काही कळत नाही. संध्याकाळी चरून आल्यावर जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसलं की उशीर झालेला असतो. तुम्ही पाच रंगांचं कार्ड घेऊन येता. शेळीला उजेडाकडे तोंड करून उभी करायची, वरची पापणी अंगठ्यानं डोळ्यावर हलकी दाबायची, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी ओढायची आणि आतल्या पडद्याचा रंग कार्डाशी लावून बघायचा. पहिला आणि दुसरा लाल रंग आला तर औषध नाही. चौथा किंवा पाचवा फिका आला तर त्याच दिवशी. तिसऱ्यावर घुटमळ झाली तर करडू, गाभण किंवा रोडावलेली शेळी असेल तर द्यायचं, धडधाकट असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं.

सरसकट सगळ्यांना औषध पाजायची सवय यानं सुटली, हे फार मोलाचं. सगळ्या कळपाला वारंवार एकच औषध दिलं की त्यातून वाचलेले जंतच पुढची पिढी घालतात आणि काही वर्षांत ते औषध निकामी होतं. अंदाजानं कमी पाजलं तरी तेच. म्हणून आधी वजन, मग डोस. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात द्यायचं नाही, हे तुम्ही प्रत्येक दावणीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहिलंत. पाजतानाही मान आकाशाकडे करू देत नाही. तोंड जमिनीला समांतर, सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागे, आणि घोट गिळल्याशिवाय पुढचा नाही. मान उंच केली की औषध फुप्फुसात जातं आणि चार दिवसांनी शेळी न्यूमोनियानं जाते, दोष मात्र औषधावर येतो. सकाळचं दव वाळल्यावरच कळप सोडायचा आणि शक्यतो झुडपावर चारायचा, हेही त्यातलंच. जंताची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, उंच पाल्यापर्यंत पोचत नाहीत.

करडांच्या रक्ती हगवणीची गोष्ट वेगळी, आणि इथं आपल्याकडे औषधाची फार उधळपट्टी होते. तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतच्या करडाला रक्तमिश्रित पातळ लेंडी लागली तर ते बहुधा कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्मजीव असतात, जंत नव्हेत. जंताच्या औषधाला ते दाद देत नाहीत. शेणाचा नमुना तपासून डॉक्टरांचंच औषध लागतं. गव्हाण जमिनीपासून उंच हवी, करडांनी त्यात पाय घालता कामा नये आणि वाड्याची जमीन कोरडी हवी. दुर्गंधी कळायला तुम्ही गुडघ्यावर बसून करडाच्या नाकाच्या उंचीवर वास घेता. उभ्या माणसाला जो वास येत नाही तो तिथं डोळ्यांत झोंबतो.

बोकडाच्या बाबतीत तुम्ही जे केलंत ते एकेकट्या घराला जमण्यासारखं नव्हतं. गावात एकच बोकड, तोच चार-पाच वर्षं, आणि त्याच्या लेकी आठ-दहा महिन्यांच्या झाल्या की त्याच्याच समोर. मग करडं लहान जन्मतात, तग धरत नाहीत आणि दोष जातीला लागतो. त्याहून मोठं नुकसान बकरी ईदच्या बाजारात होतं. सगळ्यात देखणा, वजनदार बोकड विकला जातो आणि मागे राहिलेला बेताचा बोकड पैदाशीला लागतो. हे पिढ्यान् पिढ्या चाललं की चांगली जातही खाली येते. तुम्ही पैदाशीचा बोकड करडू असतानाच निवडून त्याच्या कानात बिल्ला घातलात आणि दोन वर्षांच्या आत शेजारच्या गावाशी अदलाबदल ठरवून दिलीत.

निवडीचा तुमचा नियम सगळ्यांनी लिहून ठेवावा असा आहे. एकट्या जन्मलेल्या मोठ्या करडाला भुलायचं नाही. आईचं सगळं दूध एकट्याला मिळालं म्हणून ते मोठं दिसतं. जुळ्यांतलं, आणि ज्याच्या आईनं लागोपाठच्या वेतांत जुळी देऊन दोन्ही दुधावर वाढवली, तेच घ्यायचं. दोन्ही वृषण खाली उतरलेले आणि सारखे हवेत, खालचा जबडा पुढे आलेला नको, खुरं सरळ हवीत. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड, आणि तोही कळपात मोकळा सोडायचा नाही. नाहीतर कोणती कधी भरली याची नोंदच राहत नाही, मग पाच महिन्यांनी व्यायची तारीख कुठून काढणार?

दोरीला टांगायचा वजनकाटा तुम्ही आणलात तेव्हा व्यापारी नाराज झाले, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. नजरेच्या सौद्यात पाठीवर हात फिरवून भाव ठरतो आणि तो हात नेहमी घेणाऱ्याचा असतो. आता सकाळी, चारा-पाण्याआधी वजन होतं आणि किलोवर बोलणी होतात. त्याच काट्यावर करडंही चढतात. जन्मताना दोन-सव्वादोन किलो, तीन महिन्यांना नऊ-दहाच्या आसपास. त्याच्या फार खाली असेल तर आधी आईचं दूध बघायचं, मग लेंडी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण लागतो, शिंग मुळापासून मोडलेला किंवा लंगडा चालत नाही. म्हणजे ईदच्या साधारण अठरा महिने आधी शेळी भरलेली हवी. हे उलटं गणित तुम्ही दिनदर्शिकेवर मांडून दिल्यापासून वेतांची आखणी करता येते.

कोवळ्या ज्वारीची किराळ, लग्नाच्या मांडवाबाहेरचा भात आणि गहू, नुसता सुबाभूळ, यांनी होणाऱ्या बाधेबद्दलचे तुमचे इशारे सगळ्यांना पाठ आहेत. पाणी पडून फुटलेली खुरटी ज्वारी दिसली की आता गुराखी पोरंच कळप वळवतात. शेवटच्या महिन्यातली जुळ्यांची शेळी एक वेळ जरी खायची थांबली तरी गुळाचं पाणी पाजून लगेच 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करायचा, हेही पोरांना माहीत आहे.

एक मागणं आणि एक हमी, दोन्ही रोखठोक. तुमच्या सेवेचं मानधन कामाच्या दिवशीच हातात पडलं पाहिजे, उधारीवर नाही. बचत गटाच्या बैठकीत तसं ठरलं आहे. आणि मे महिन्याच्या आंत्रविषाराच्या लसीसाठी बर्फ, सावलीचा मांडव आणि शेळ्या धरायला माणसं आमच्याकडून. तुम्ही फक्त डॉक्टरांची तारीख कळवा आणि कार्ड व वही घेऊन या. नव्या सुनांना पापणी बघायला त्याच दिवशी शिकवून टाका, त्या हौशीनं विचारत आहेत.

आपल्या,
तुळजापूर तालुक्यातल्या शेळ्या राखणाऱ्या घरच्या सगळ्याजणी आणि सगळे