पाळीची वाट बघत बसू नकोस

चिऊ,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस "आई, आता एकदा पाळी येऊ दे, मग बघू काय वापरायचं ते", आणि मी नुसतं हं केलं कारण बाबा शेजारी बसले होते, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला घेतलंय. अबॉर्शनचा निर्णय तुम्ही दोघांनी विचार करून घेतलात, त्यावर मला काहीही बोलायचं नाहीये. मला बोलायचंय ते इथून पुढचं.

एक गोष्ट तुला आजपर्यंत सांगितली नाही. तू तीन वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले होते आणि आम्ही ते ठेवले नाहीत. पिशवी साफ केली, संध्याकाळी घरी सोडलं. निघताना नर्सने कागद हातात दिला आणि मान वर न करताच म्हणाली, पाळी आली की या, मग तांबी बसवू. मी ते अगदी मनावर घेतलं. कॅलेंडरवर पेन्सिलने एक बारीक टिंब केलं, दुसऱ्या कोणाला कळू नये इतकं बारीक. त्या टिंबावर पाळी आली नाही, मला वाटलं शरीर सावरतंय अजून, सगळ्याजणी म्हणतातच की एखादी पाळी मागेपुढे होते, मग दहा दिवस गेले, पंधरा गेले आणि एक दिवस सकाळी मळमळायला लागलं. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा त्याच दवाखान्यातल्या त्याच बाकावर बसले होते मी, एकटी, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि ती नर्स समोरून गेली तेव्हा ओळखेल म्हणून मान खाली घातली. लाज मला का वाटावी गं? मला जसं सांगितलं तशी मी वागले होते. सांगितलंच चुकीचं होतं, हे कळायला मात्र खूप वर्षं गेली.

तर आता नीट ऐक. पाळी ही शेवटी येते, बीज तिच्या साधारण दोन आठवडे आधीच सुटलेलं असतं. म्हणजे तू पहिल्या पाळीची वाट बघत बसशील तोवर दिवस राहायची वेळ येऊनही गेलेली असेल. लवकरचं अबॉर्शन असेल, तुझ्यासारखं सातव्या आठवड्यातलं, तर काहींच्या बाबतीत आठ-दहा दिवसांतसुद्धा बीज सुटतं आणि बहुतेकींचं महिन्याच्या आत सुटतंच. अंगावरून थोडं थोडं जात असतानाही हे होऊ शकतं. आणि घरी टेस्ट करून बघेन असं मनात असेल तर तीही आत्ता कामाची नाही, आधीचं हॉर्मोन रक्तातून जायला तीन-चार आठवडे लागतात तोवर ती उगाच पॉझिटिव्ह दाखवू शकते.

म्हणून फॉलोअपला जाशील तेव्हाच विषय काढ, डॉक्टरांनी नाही काढला तरी तू काढ. गोळ्या, इंजेक्शन, दंडात बसवायची काडी हे सगळं अबॉर्शनच्या गोळ्या घेतल्या त्याच दिवसांत सुद्धा सुरू करता येतं. तांबीला फक्त पिशवी पूर्ण रिकामी झाल्याची खात्री लागते, इन्फेक्शन असेल तर ते आधी बरं व्हावं लागतं, बाकी पाळीशी तिचा काही संबंध नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी खरं तर मी रात्री जागी होते. तू म्हणालीस मैत्रीण जी गोळी घेते तीच आणते. नको आणूस!! तुझी अर्धशिशी मला माहितीये ना, नववीत असल्यापासून, डोकं दुखायच्या आधी तुला डोळ्यांसमोर चमकणाऱ्या वाकड्या रेषा दिसतात आणि तू म्हणायचीस आई पुस्तकातली अक्षरं मधूनच गायब होतात. अशी अर्धशिशी असणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेली गोळी घ्यायची नसते, मेंदूत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि नेहमी मिळणाऱ्या बहुतेक पाकिटांत ते असतंच. डॉक्टरांना रेषांचं सांग, नुसतं "डोकं दुखतं" म्हणू नकोस, त्या रेषांवरच सगळं ठरतं. ब्लडप्रेशर जास्त असेल किंवा आधी कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर अशा बायकांनाही ती गोळी देत नाहीत. इस्ट्रोजेन नसलेली गोळी वेगळी मिळते, ती तुला चालेल, पण ती रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते आणि तुझ्या शिफ्ट बघता मला जरा शंका आहे.

गोळी वाईट नाही, विसरणं वाईट. वर्षभर गोळी घेणाऱ्या १०० जणींमध्ये रोजच्या धावपळीत साधारण ७ जणींना दिवस जातात, नुसत्या कंडोमवर १३ जणींना, आणि तो "वेळेवर काळजी घेतो", म्हणजे वीर्य बाहेर सोडतो, यावर भरवसा ठेवणाऱ्यांत २० च्या आसपास. तांबीत १ सुद्धा पूर्ण नाही. दुसऱ्या वेळी मी हट्टच धरला तेव्हा मला लगेच तिथेच बसवली आणि आठ वर्षं राहिली. खोटं नाही सांगणार, बसवताना कळ आली आणि पहिल्या तीन-चार पाळ्या जड गेल्या, पोटात दुखायचं, मग सवय झाली. काढली की लगेच मूल राहू शकतं, वांझपण वगैरे जे बोलतात ते खरं नाही. तुला दोन-तीन वर्षांनी मूल हवंय म्हणालीस म्हणून एवढं सांगते की तीन महिन्यांच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बऱ्याच जणींना वेळ लागतो, ते लक्षात ठेवून ठरव.

आणि तारखा मोजायची पद्धत तर आत्ता अजिबात नको, पाळी नियमित झाल्याशिवाय मोजणार तरी कशावरून.

तुला आत्ता कशालाच हात लावू द्यावासा वाटत नसेल तर तेही बरोबर आहे, शरीर तुझं आहे, एवढं सगळं झाल्यावर बाईला जरा शांत बसावंसं वाटतं. घाबरून, किंवा कोणी दवाखान्यात घाई केली म्हणूनही हो म्हणू नकोस. मग तोवर कंडोम, दर वेळी, न चुकता, आणि ती जबाबदारी त्याची. हे त्याला तू सांग, नाहीतर पत्राचा एवढा भाग त्याला वाचायला दे, मला चालेल. चुकून फाटलाच तर इमर्जन्सी गोळी जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत, ती घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

अंगावरून फारच जायला लागलं, तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास, किंवा ताप उतरत नाहीये, घाण वास येतोय, तर फॉलोअपची तारीख बघत बसू नकोस, रात्र असली तरी जा.

फॉलोअप कधी आहे ते कळव. मी येते. आत नाही येणार, तुला काय बोलायचं ते मोकळेपणाने बोल, मी बाहेर बाकावर बसेन.

तुझी
आई