ताई, दिशा कोणत्या कणांत आहे हे तुम्ही विचारलंत

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण काल सरांकडे सुपूर्द केलं. त्याच्या अर्ध्याहून जास्त आकृत्या तुमच्यामुळे उभ्या राहिल्या. ऋणनिर्देशाच्या दोन ओळींत हे मावणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

विषय ज्यांच्या ओळखीचा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नदीच्या गाळातले मॅग्नेटाइट-हेमॅटाइट या लोहखनिजांचे कण तळाशी बसताना त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. पण चपटे कण बसतानाच आडवे होऊ पाहतात, वर थर चढले की आणखी दबतात आणि दिशेचा क्षितिजाशी असलेला कोन, म्हणजे नती, कमी होते. किंग यांनी १९५५ मध्ये याचं सूत्र दिलं: खऱ्या नतीच्या टॅनला एका गुणकाने गुणलं की नोंदलेल्या नतीचा टॅन मिळतो. टॉक्स आणि केंट यांना १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या सोअन नदीच्या गाळातल्या हेमॅटाइटसाठी हा गुणक सुमारे ०.५५ मिळाला. या हिशेबाने ४० अंशांची नती खडकात २५ अंशांच्या आसपास दिसते. अक्षांश नतीवरूनच काढतात, त्यामुळे २३ अंशांवरची जागा १३ अंशांवर जाऊन बसते. हा फरक हजार किलोमीटरचा झाला. भारत आशियाला नेमका कुठे धडकला हे ठरवताना एवढी तफावत कशी चालेल?

माझं एम.एस्सी.चं काम दख्खनच्या बेसाल्टवरचं. लाव्हा थंड होताना दिशा गोठते, दबण्याचा प्रश्न येत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतले मडस्टोन, म्हणजे चिखलाचे झालेले खडक, हाती घेतले तेव्हा हे सगळं नव्याने शिकावं लागलं.

तुमच्याकडे आले तेव्हा एएमएसची मोजमापं तयार होती. म्हणजे खडकाची चुंबकीय ग्रहणक्षमता (बाहेरून क्षेत्र लावलं की तो किती चुंबकित होतो ते) दिशेनुसार किती बदलते याची. यंत्रावर ती काही मिनिटांत होतात आणि आलेखही देखणे येतात. तुम्ही आलेख पाहून एवढंच विचारलंत, "यातलं चिकणमातीचं किती आणि मॅग्नेटाइटचं किती?" मग स्टूल ओढून बसलात आणि समजावलंत की ग्रहणक्षमतेत खडकातलं प्रत्येक खनिज भर घालतं, दिशा मात्र मोजकेच कण सांभाळतात. नतीची दुरुस्ती करायची तर त्याच कणांची दिशेनुसार बदलणारी चुंबकता, म्हणजे अ‍ॅनिसोट्रॉपी मोजायला हवी. माझ्या प्रकरणाचा पाया तिथे घातला गेला.

त्यानंतर तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून माझ्याबरोबर यंत्राशी बसलात. अडीच सेंटीमीटर व्यासाचा नमुना, १०० मिलिटेस्लापासून उतरत जाणारं प्रत्यावर्ती (सतत उलटसुलट होणारं) चुंबकीय क्षेत्र, सोबत जवळपास पृथ्वीच्याच क्षेत्राइतकं क्षीण स्थिर क्षेत्र. चुंबकत्व द्यायचं, मोजायचं, पुसायचं, नमुना फिरवायचा. अशा नऊ स्थिती. पुसल्यावर जे उरतं तेही दरवेळी मोजून वजा करायचं, हा तुमचा दंडक. नमुना ठेवणाऱ्याने त्यावर आखलेला दिशेचा बाण कुठल्या बाजूला आहे ते मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने वहीत लिहायचं. संध्याकाळी सगळे थकलेले असतानाही तुम्ही हे एकदासुद्धा चुकवलं नाहीत. नऊ मापांतून जो टेन्सर, म्हणजे सगळ्या दिशांची चुंबकता एकत्र सांगणारा आकड्यांचा तक्ता, निघतो त्यावर दुरुस्ती उभी असते. बाण उलटा बसला तर आकडे येतात, पण ते निरर्थक.

सुट्ट्या कणांची स्वतःची अ‍ॅनिसोट्रॉपी काढायलाही तुम्हीच लावलंत. खडक कुटून कण चुंबकाने वेगळे केले आणि क्षेत्र लावून रेझिनमध्ये बसवले. किचकट काम. पण ते केलं नसतं तर कण किती आडवे झालेत याचा हिशेब अर्धवटच राहिला असता.

करड्या थरांची नती आता काही अंशांनी वर आली आहे आणि ती का वर आली हे मला कुणालाही पटवून देता येतं. लाल थर अजून बाकी आहेत. त्यांतल्या हेमॅटाइटला १०० मिलिटेस्लाचं क्षेत्र पुरत नाही. त्यासाठी तीव्र क्षेत्र आणि तापवून चुंबकत्व पुसणं, दोन्ही लागेल. नमुने कापून, बाण आखून तयार आहेत. तुमच्या सोयीची तारीख कळवा, मी घेऊन येते.

मनापासून आभार, ताई.

तुमची विद्यार्थिनी