मेणाच्या त्या ठोकळ्यासाठी आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

अमळनेरकडचे आम्ही लोक गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना घरचे मानतो. पण जळगावात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचे आभार मानायला कोणी जात नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, पहिल्या एंडोस्कोपीनंतर दुसऱ्या एका ठिकाणच्या अहवालात 'लसिका पेशींची (म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशींची) साधी वाढ' एवढेच आले आणि आम्ही मारुतीला नारळ फोडून मोकळे झालो. आठ महिन्यांत वजन उतरले, कळण्याची भाकरी अर्धी ताटात राहू लागली, तेव्हा त्या वेळी काढलेला जठराचा तुकडा ज्यात जपला होता तोच मेणाचा ठोकळा रुमालात बांधून मी आपल्याकडे आणला. आपण नवे काप काढले, विशेष तपासण्या केल्या आणि मलाही दाखवले: निळ्या ठिपक्यांची दाटी जठराच्या ग्रंथींमध्ये घुसून त्या मोडत होती. निरोगी जठरात अशी लसिका ऊती जवळजवळ नसतेच. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला की ती जमते आणि त्या गर्दीत एकाच पेशीची प्रजा माजली की तो माल्ट लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, होतो, हे मला तिथे उमगले. १९८३ साली या आजाराची नीट ओळख पटण्यापूर्वी अशा कित्येक गाठी 'खोटा लिम्फोमा' म्हणून नोंदल्या जात, हेही आपण सांगितलेत. लहान तुकड्यांवरून हा फरक ओळखणे अवघड असते, हे मला मान्य आहे; तरी 'पुन्हा तपासा' एवढी ओळ त्या पहिल्या अहवालात असायला हवी होती.

"माले काय व्हयनं?" असे आप्पांनी विचारले, तेव्हा आपण कर्करोग हा शब्द टाळला नाहीत. जंतू मारला की गाठीचे पाणी तुटते आणि ती बहुधा वाळते, असे आपण म्हणालात. १९९३ साली लंडनच्या संशोधकांच्या सहापैकी पाच रुग्णांत तसे झाले होते. त्यावर आप्पा म्हणाले, की पाणी तोडले तरी हरळी राहतेच. आपण हसलात आणि 'म्हणूनच' म्हणत अकराव्या व अठराव्या गुणसूत्रांची अदलाबदल तपासायला लावलीत, कारण ती असली तर प्रतिजैविकांना गाठ सहसा दाद देत नाही, आणि मोठ्या पेशींचा आक्रमक लिम्फोमा झाला असता तर उपचारच निराळे लागले असते. सुदैवाने दोन्ही नव्हते.

चौदा दिवसांच्या औषधांनी जंतू गेला, मात्र गाठ विरायला वर्ष लागले. आता आप्पा पूर्ण भाकरी खातात, वर भरीत मागतात. पुढची एंडोस्कोपी पोळ्यानंतर आहे. त्या वेळचे तुकडे आपल्याकडेच पाठवू.

आपला कृतज्ञ,
अमळनेर तालुक्यातील एका कापूस उत्पादकाचा मुलगा