समेच्या आधीचा फोटो

प्रिय बंड्या,

तू विचारलंस ना, नोकरी सोडून मैफिलींचे फोटो काढतोस म्हणजे नेमकं करतोस काय. व्हॉइस नोट टाकणार होतो पण म्हटलं नको, हे नीट लिहूनच सांगतो.

सुरुवात रॉक गिग्सने झाली हे तुला माहितीये. तिथे बहुतेक ठिकाणी नियम एकच, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग पिटमधून, म्हणजे स्टेजसमोरच्या फोटोवाल्यांच्या जागेतून, बाहेर. त्या दहा-पंधरा मिनिटांत गिटारवाला उड्या मारतो, ड्रमरचे केस उडतात, सगळी एनर्जी समोरून अंगावर येत असते, आपण शटर १/५०० सेकंदाला ठेवायचं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश पकडायची क्षमता, ३२०० काय ६४०० काय, वाढवायला घाबरायचं नाही. ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, चालतात रे, हललेला चेहरा नाही चालत.

आणि हीच सवय घेऊन मी सवाईला, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो! भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला महोत्सव, आणि मी पहिल्या दहा मिनिटांत दोनशे फोटो काढले, सगळे सारखे. विलंबित म्हणजे अगदी संथ लयीतला एकताल चालू होता, बारा मात्रांचं (ठोक्यांचं) एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं, गायक डोळे मिटून बसलेले, आणि त्या शांततेत माझा कॅमेरा खट्ट खट्ट. भारतीय बैठकीतल्या एका आजोबांनी वळून पाहिलं, बोलले काहीच नाहीत, नुसतं स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. लाज वाटली खूप. कॅमेरा मांडीवर ठेवला आणि तासभर फक्त ऐकलं.

तेव्हा दिसायला लागलं. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ती यायच्या आधी गायकाचा हात वर जातो, तबलजी मान उचलून बघतो, दोघांची नजर भेटते, फोटो तिथे असतो. समेवर बटण दाबलंस तर हात खाली आलेला असतो, लोकांची दाद सुरू झालेली असते, संपलं. म्हणून आता सोळा मात्रांचा तीनताल असला की मी मात्रा मोजत बसतो आणि तेराव्या-चौदाव्या मात्रेला बोट बटणावर तयार असतं. द्रुतमध्ये, म्हणजे जलद लयीत, तबलजीसाठी मात्र शटर १/६० पर्यंत खाली आणतो, बोटं धूसर होतात आणि चेहरा स्थिर राहिला तर तो वेग फोटोत ऐकू येतो. दहातले आठ वाया जातात, जाऊदेत.

सायलेंट शटरवाला कॅमेरा घेतला, तर एलईडी लाईटच्या लुकलुकण्यामुळे फोटोत गायकाच्या शालीवर आडवे पट्टे! आता शटरचा स्पीड थोडा थोडा बदलून आधीच टेस्ट करतो. पैशाचं म्हणशील तर लग्नाच्या सीझनवर घर चालतं.

सोबत एक प्रिंट पाठवतोय. मागे तानपुऱ्यावर बसलेली शिष्या आहे, गुरूंनी तान अर्धी सोडून तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तिने पहिला स्वर लावला तो क्षण. गुरू फ्रेममध्ये पाठमोरे आहेत, मुद्दाम.

डिसेंबरात ये. बैठकीत तुझी जागा धरून ठेवतो.

तुझाच