मोतीबिंदू 'परत' येत नाही

संपादक महोदय,
शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाने आईला पुन्हा धुरकट दिसू लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी निदान करून टाकले : मोतीबिंदू परत आला! तो परत कसा येईल? नैसर्गिक भिंग काढलेलेच असते. मागे उरते ते त्याचे पातळ वेष्टन आणि त्याला चिकटलेल्या थोड्या पेशी. त्याच वाढतात, सरकतात आणि वेष्टन गढूळ करतात. लेझरने ते पाच-दहा मिनिटांत मोकळे होते.

या पेशी काचेच्या बशीत वाढवून सिडनीच्या संशोधकांनी 1989 मध्ये दाखवलेली गोष्ट मला फार विलक्षण वाटते. एफजीएफ हा वाढ-घटक (पेशींना वाढीचा हुकूम देणारे प्रथिन) थोडा दिला तर पेशी फक्त विभागतात, जास्त दिला तर सरकू लागतात, आणखी वाढवला तर भिंगाचे तंतू बनतात. म्हणजे द्रव्य तेच, हुकूम मात्र मात्रेप्रमाणे निराळा. टीजीएफ-बीटा हा दुसरा वाढ-घटक मात्र त्यांना वळण सोडायला लावतो. पेशी व्रणासारख्या ऊतीकडे झुकतात.

मुळात मोतीबिंदू घडवणाऱ्या विषारी द्रव्यांचे तर विचारूच नका. 1930 च्या दशकात अमेरिकेत वजन घटवायला डायनायट्रोफिनॉल घेणाऱ्या तरुण स्त्रियांना मोतीबिंदू झाले होते. आपल्याकडे मुलांचे डोळे खाजले की दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घातले जातात. त्यानेही मोतीबिंदू होतो, काचबिंदूही. चिठ्ठीशिवाय ही बाटली मिळतेच कशी?

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा