पाखऱ्याची खुशाली

नागपूर, २६ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई त्यांना ओरडून सांगते. त्यात मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. चष्मा सापडला नाही ही सबब चालणार नाही.

पोळ्याला गावी जाऊन आलो, मी आणि छोटू. ह्यांना सुटी मिळाली नाही. आर्वीहून फाट्यापर्यंत ऑटो, पुढे पांदणीतून पायी. चिखल असा की छोटूची एक चप्पल तिथेच राहिली आणि मोठे बाबा दुसऱ्या दिवशी काठीने खोदून ती काढून आले. पऱ्हाटीला पात्या धरल्या आहेत, सोयाबीन बरं आहे. पिकाचं एवढंच, बाकीचं ते स्वतःच फोनवर सांगतील.

कोठ्यात सध्या दोन गाई, एक म्हैस, सात बकऱ्या आणि मोजता येत नाहीत इतक्या कोंबड्या. चंद्री आम्ही पोचलो त्याच रात्री व्याली. कालवड झाली. छोटू कंदील धरून उभा होता, म्हणजे कंदील मी धरला होता आणि तो माझा पदर. कालवड उठली, पडली, उठली, पडली. पाचव्यांदा पाय फाकवून उभी राहिली आणि सड शोधायला चंद्रीच्या पुढच्या पायांत घुसली. मोठ्या आईने तिचं तोंड धरून बरोबर जागी नेलं. "पयल्या घंट्यात चीक पोटात गेला पाह्यजे," म्हणाली, "मंग खरवसाचं पाहू." खरवस तिसऱ्या दिवशी मिळाला. वाटीभर तुमच्या नावाचा मीच खाल्ला.

म्हैस नागपुरी आहे, तलवारीसारखी शिंगं पार खांद्यापर्यंत मागे गेलेली. छोटू तिला घाबरतो. बकऱ्यांना मात्र घाबरायला हवं होतं, तर त्यांच्याशी त्याने दोस्ती केली, आणि त्यांतल्या एका तांबड्या तरुण बकरीने त्याच्या रेनकोटाची नाडी पार मुळापर्यंत चघळून खाल्ली.

आता बाबा, तुमच्यासाठी. आई हे वाचून दाखवत असेल तर तिने जरा थांबून पाणी प्यावं.

तुम्ही दर फोनला मोठ्या बाबांना "जोडी कशी आहे?" विचारता आणि ते "बरी आहे" म्हणतात. लाख्या-पाखऱ्याची ती बैलजोडी आता नाही. लाख्या २०२२ च्या ऑक्टोबरात गेला, लम्पीच्या साथीत. सरकारी डॉक्टर गावात येऊन बकऱ्यांच्या देवीची लस सगळ्या ढोरांना टोचून गेले होते, पण लस लागू पडायच्या आधीच त्याच्या अंगात रोग शिरला असावा. आठ दिवसांत अंगभर गाठी, पुढचे पाय सुजले, खाणं सुटलं. धुऱ्याच्या बाभळीखाली जेसीबीने खड्डा करून, चुना टाकून पुरला. त्याच महिन्यात पुण्यात तुमची बायपास झाली होती. तेव्हा सांगायचं नाही असं ठरलं, आणि एकदा नाही सांगितलं की पुढे सांगायला तोंड राहत नाही. मोठ्या बाबांवर रागावू नका. मलाही त्यांनी यंदाच सांगितलं, तेही मी कणगीमागचा डबा उघडल्यावर.

त्या डब्यात तुमचे गोंडे होते. दरवर्षी तुम्ही दोन बैलांचे पाठवता, लाल-पिवळे. २०२३ चा आणि २०२४ चा एकेक जोड जसाच्या तसा, पिशवीची गाठसुद्धा न सोडलेली. यंदाचा तिसरा त्यात ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

पाखऱ्या आहे. सोळा वर्षांचा झाला. तुम्ही हेटीकुंडीच्या सरकारी फार्मावरच्या वळूचा गोऱ्हा म्हणून ज्याला पाहुण्यांसमोर फिरवायचे, शंकरपटाच्या शर्यतीत उतरवायच्या गोष्टी करायचे, तो. रंग अजून पांढरा आहे, पण आता धुतलेल्या धोतरासारखा, पिवळसर. पुढचे दात झिजून हिरड्यांशी आले आहेत, कडबा चावत नाही. मोठी आई रात्री सरकीची ढेप भिजवून ठेवते आणि सकाळी तुरीच्या कुटारात कालवून त्याच्यापुढे घमेलं ठेवते. तो आधी सगळ्यात मोठी ढेकळं शोधतो, नाकाने कुटार बाजूला करत. उरलेलं सावकाश, मध्ये मध्ये विसरल्यासारखा थांबत. एक घमेलं संपायला पाऊण तास लागतो. मी घड्याळ लावून पाहिलं, दुसरं काम नव्हतं.

मी विचारलं, याचं काम काय? मोठे बाबा म्हणाले, "फुकटचं खाऊन राह्यला नुसता." नांगरटी ट्रॅक्टरने होते, डवऱ्याला रोजाची जोडी आणतात. मग विकला का नाही? "कोण घेते बाप्पा याले आता? दात पाहूनच मागं सरते गिऱ्हाईक." पूर्वी थकला बैल बाजारात देऊन वर पैसे टाकले की नवा यायचा. २०१५ मध्ये बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि ते गणितच मोडलं. शेजारच्यांनी त्यांचा गोरक्षणात नेऊन सोडला. मोठ्या बाबांना त्यांनी सांगून पाहिलं, यांनी विषय बदलला. ढेपेचं पोतं पावणेदोन हजाराला आलं म्हणून रोज कुरकुरतात आणि रोज संध्याकाळी त्याच्या मानेखाली खाजवत बसतात. मी पाहते आहे असं लक्षात आलं की गोचीड शोधत असल्यासारखं करतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, मला वाटलं की याला सोडतील, कारण खांद्यावर जू येऊन तीन वर्षं झाली. पण नाही. हळद-तूप लावून खांदा शेकला, आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या" हेही रीतसर म्हटलं. दुसऱ्या दिवशी आखरावर सगळ्या जोड्या तोरणाखाली, आणि रांगेच्या शेवटी हा एकटा, मोठ्या बाबांच्या हातात कासरा. झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, चालू असताना शेजारची पोट्टी हसत होती. तोरण तुटलं, बैल उधळल्यासारखे पळाले. पाखऱ्याने मात्र शेपटी हलवली आणि सरळ घराची वाट धरली. कासरा धरून मोठे बाबा त्याच्यामागून जात होते, कोण कोणाला नेतंय ते सांगता येत नव्हतं. दारात मोठ्या आईने पाय धुतले, ओवाळलं. पुरणपोळीतलं पुरण त्याने चाटून घेतलं आणि पोळीची कड ठेवली. अगदी बाबांसारखी.

तुम्ही सांगितलं होतं की कानाशी जाऊन तुमचं नाव घे, ओळखेल. घेतलं. दोनदा घेतलं, मोठ्याने. त्याने शेण टाकलं. छोटू हसून लोळला. मग मी तुम्ही जिभेने करायचे तसा टकटक आवाज करून पाहिला, तेव्हा डावा कान फिरवला. आता तो आवाजासाठी फिरवला की माशीसाठी, हे मी खात्रीने सांगणार नाही. तुम्हीच येऊन बघा. डॉक्टरांनी होकार दिला तर डिसेंबरात, तुरीच्या शेंगा असतील तेव्हा. दादा नागपूरपर्यंत आणून सोडेल, पुढचं मी बघते. पांदण तोवर वाळलेली असते, गाडी अगदी कोठ्यापर्यंत जाते.

तान्ह्या पोळ्याला छोटूने मोठ्या बाबांचा लाकडी बैल ओढला. एक चाक वाटेत निखळलं तरी बोजारा, म्हणजे घरोघरचे खाऊचे पैसे, पूर्ण घेतला.

उद्या गणपती बसतील, त्यामुळे घाई आहे, आवरते. बाबा, मोठ्या बाबांना एक फोन करा. लाख्याचं मी सांगितलं असं सांगा, म्हणजे ते सुटतील. आणि पुढच्या वर्षी गोंडे एकाच बैलाचे पाठवा.

तुमची,
बेबी

ता. क. आई, जाताना तू मोठ्या आईला दिलेली ती जांभळी काठापदराची साडी धुऱ्यावर आहे. रानडुकरं येऊ नयेत म्हणून वावराभोवती साड्या बांधल्या आहेत, त्यात बांधाच्या कोपऱ्यावर तुझीच. "तुही भक्कम होती, म्हणून नाल्याच्या बाजूनं लावली," म्हणाली. आणखी जुन्या असतील तर डिसेंबरात घेऊन ये.